दोन्ही पानांवर एकच भोक

हिरेमठ मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात जो शब्द शिकवला, तो मी पंधरा दिवस चुकीचा धरून बसले होते. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला टेबलावर एक फांदी ठेवलेली असायची. मॅडम मागून यायच्या, माझ्या कोऱ्या कागदाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "नोडु." मी लगेच फांदीच्या पेरावर बोट ठेवायचे. पेराला इंग्रजीत नोड म्हणतात हे मी गावाकडून पाठ करून आले होते. मॅडम पुन्हा म्हणायच्या, "नोडु, नोडु." मी दुसरं पेर दाखवायचे. एकदा तर मी त्यांना एका फांदीवरची सगळी अकरा पेरं मोजून दाखवली. शेवटी शेजारी बसणाऱ्या पद्मानं मला कोपरानं ढोसलं आणि कुजबुजली, "अगं, बघ म्हणतायत. कन्नड आहे ते."

पद्मा सोलापूरची, विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि कन्नड कानावरून गेलेलं. मी करकंबची. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे जे कळत नाही ते इंग्रजीच असणार असं मी धरून चालायचे. मॅडमना हा घोटाळा कळला तेव्हा त्या स्टुलावर बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, या मुलीला पेरांचं लईच वेड आहे." त्या दिवसापासून माझं नाव करकंब पडलं. हजेरीतसुद्धा.

मॅडम ठेंगण्या होत्या, आणि त्यांच्या गळ्यात दोन दोरे असायचे. एकात इष्टलिंगाची करडी, म्हणजे चांदीची डबी, आणि दुसऱ्यात भिंग. कुणी टक लावून बघितलं तर स्वतःच सांगायच्या, एक देवासाठी आणि एक किड्यांसाठी. त्यांची स्कूटी इतकी हळू चालायची की शुक्रवार पेठेतून कॉलेजला येताना सायकलवाले त्यांना मागे टाकून जात, आणि जाताना नमस्कारही करत, कारण तेवढा वेळ असायचा. मध्येच रस्त्याच्या कडेला स्कूटी उभी दिसली, तर ती बिघडलेली नसायची. मॅडम कुठल्या तरी कुंपणात डोकं घालून उभ्या असायच्या.

मंडईतली एक भाजीवाली त्यांच्यासाठी किडकी वांगी बाजूला काढून ठेवायची. इतर गिऱ्हाइकं चांगली वांगी निवडून घ्यायची आणि मॅडम भोक पडलेली. ती किडकी वांगी घरी बरण्यांत ठेवून आतल्या अळीचा पतंग होईपर्यंत त्या वाट बघायच्या. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी ताटात कडक भाकरी वाढली आणि म्हणाल्या, फळीवरच्या बरणीतली शेंगाचटणी घे. फळीवर सारख्याच दोन बरण्या होत्या. मी चुकीची उघडली. ओरडले नाही, कारण पाहुण्याच्या घरी ओरडू नये असं आईनं सांगितलं होतं. झाकण तसंच लावून मी कोरडी भाकरी खाल्ली. मॅडमनी विचारलं, चटणी नाही घेतली? मी म्हटलं, मला तिखट चालत नाही. करकंबच्या मुलीला तिखट चालत नाही हे ऐकून त्या उठल्या, फळीपाशी गेल्या आणि माझ्यावरच रागावल्या, की एवढी चांगली अळी दिसली आणि तू बोलली नाहीस.

आमच्या जर्नलमधल्या आकृत्यांवर त्यांचा फार राग. खरं तर त्यात आमची काही चूक नव्हती. जर्नल वरच्या वर्गाच्या मुलींकडून आणायचं आणि बटरपेपर ठेवून छापून घ्यायचं, ही रीत आमच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली. फुलपाखरू असेल तर काम आणखी सोपं. एका बाजूचे पंख बटरपेपरवर घ्यायचे, कागद उलटा करायचा आणि दुसऱ्या बाजूला घासून उमटवायचे. मॅडम अशी आकृती लांबूनच ओळखायच्या. जर्नल उभं धरायच्या, मधोमध बोट ठेवायच्या आणि विचारायच्या की या फुलपाखराचा उजवा पंख फाटका आहे, तसाच डावाही फाटका कसा? दोन्ही बाजूंनी एकच चिमणी चावली का? मग तांबड्या पेनानं पाच मार्क कमी. झाडाला किंवा किड्याला दोन सारख्या बाजू नसतात, असं त्यांचं म्हणणं. जिथे तंतोतंत जुळलं, तिथे मुलीनं बघितलेलं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर त्या एक वाक्य हमखास बोलायच्या. "अण्णा असं कधी करणार नाहीत."

पहिल्या सत्रभर मला वाटायचं, अण्णा म्हणजे मॅडमचे थोरले भाऊ असतील, कुठेतरी शिकवत असतील. पण अण्णा म्हणजे प्रयोगशाळेमागच्या लाकडी कपाटातली चोवीस चित्रं काढणारा माणूस. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, चित्रांवर सही नाही. ती कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेतून आमच्या कॉलेजात आली एवढंच ऐकिवात होतं. ऐंशी वर्षांची असतील, शंभरही असतील. जाड, पिवळट कागदावर जलरंगात काढलेली आपल्याकडची झाडं, आणि प्रत्येक झाडावर त्याचंच पान खाणारा किडा. मॅडम आम्हाला सांगायच्या, कॅमेरा हाताशी नव्हता तेव्हा झाडाचा आणि किड्याचा अभ्यास चित्रांवरच चालायचा. साहेबांच्या काळात इथल्या कितीतरी चित्रकारांनी अशी चित्रं काढली. पुस्तकावर नाव साहेबाचं, आणि ज्यानं डोळे फोडून पानाची शीर न् शीर काढली त्याचं नाव कुठेच नाही. म्हणून त्यांनी या माणसाला निदान अण्णा तरी म्हणायचं ठरवलं होतं.

अण्णांबद्दल त्या इतक्या घरच्यासारखं बोलायच्या की आम्हाला हसू यायचं. अण्णा उन्हाचे बसत नसत, सावलीची दिशा बघ. अण्णांना हिरवा रंग कमी पडला होता, बघ कसा पुरवून वापरलाय. चोवीसपैकी कागदी लिंबाच्या चित्रावर मात्र त्या कधी बोलायच्या नाहीत. लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते. अण्णांनी ती तशीच काढली होती, आणि आमचे शिपाई काशीनाथमामा वर्षानुवर्षं दर दिवाळीला ती ओल्या फडक्यानं पुसत आले होते. अळी निम्मी गेली तेव्हा मॅडमना कळलं. मामा म्हणाले, "मॅडम, मला काय म्हाईत? लई चिवट घाण हाय म्हणून जोर लावून पुसत हुतो." मॅडम त्यांच्यावर चिडू शकल्या नाहीत. इतकी खरी अळी काढली ही चूक अण्णांचीच, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

त्यांचं सगळ्यात लाडकं चित्र रुईचं होतं. रुईची पानं समोरासमोर, जोडीनं येतात. चित्रात मधोमध खोड, दोन्हीकडे जाड पानं, वर फुलांचा झुबका आणि डावीकडच्या एका पानावर काळ्यापिवळ्या पट्ट्यांची अळी. पानाला अळीनं खाल्लेलं भोक, त्याच्या कडेला साकळलेला चीक. मॅडम त्या भोकावर भिंग धरायच्या आणि म्हणायच्या, समोर बसून बघितल्याशिवाय हे भोक कुणाला सुचणार नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना त्या कपाटावर गंडांतर आलं. खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती. जुन्या वस्तूंची निर्लेखनाची यादी निघाली. निर्लेखन म्हणजे दप्तरातून नाव काढून भंगारात देणं, हे मला तेव्हाच कळलं. यादीत मोडकी स्टुलं, फुटकी काचपात्रं आणि मग एक ओळ होती: परदेशी पुस्तकांतील चित्रांच्या जुन्या नकला, जीर्ण, अनुपयोगी, नग चोवीस. मॅडमनी ती ओळ उभ्यानंच वाचली. त्यांना निवृत्तीला एक सत्र उरलं होतं. यादी करणाऱ्या समितीनं त्यांना पंधरा दिवस दिले. चित्रं नकला नाहीत, इथेच काढलेली आहेत, हे दाखवलं तर ती राहणार. नाही तर जाणार.

मॅडमनी टिपण लिहायला घेतलं. त्यात पहिलंच वाक्य होतं की चित्रातली प्रत्येक रेघ प्रत्यक्ष झाड समोर ठेवून काढलेली आहे. आम्हा दोघींना त्यांनी मदतीला घेतलं. प्रत्येक चित्राचा मूळ आकाराचा फोटो काढायचा, ते झाड सोलापुरात शोधायचं आणि ताडून बघायचं. आम्ही कढीपत्ता शोधला, करंज शोधला, अक्कलकोट रोडच्या कडेची रुई शोधली. मॅडम स्कूटीवर पुढे, आम्ही चालत मागे, आणि बऱ्याचदा आम्हीच आधी पोचायचो.

खरी गोष्ट लक्षात आली ती पद्माच्या. जेवणाच्या सुट्टीत तिनं रुईचा फोटो बाकावर ठेवला होता. डबा खाता खाता ती थांबली आणि म्हणाली, "ही तर आमच्या नान्नांची नक्षी आहे गं."

पद्माचे वडील, म्हणजे तिचे नान्ना, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चादरींची नक्षी काढतात. चौकटीच्या कागदावर आधी नक्षी काढायची, मग तिच्यावरून पुठ्ठ्याची कार्डं टोचायची, आणि ती कार्डं मागावर चढली की नक्षी विणली जाते. समोरासमोर दोन मोर हवे असतील तर कागदावर एकच मोर काढतात. दुसरा मागावर उलटा होऊन आपोआप येतो. पद्मानं माझ्या हातात फोटो दिला आणि सांगितलं, उजवीकडचं पान बघ.

उजवीकडच्या पानालाही भोक होतं. तेच, तेवढंच, फक्त उलटं. चिकाचा थेंबसुद्धा त्याच जागी.

"डावीकडचं अळीनं खाल्लं," पद्मा म्हणाली, "उजवीकडचं कुणी खाल्लं मग?"

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. मॅडम ज्यासाठी आमचे पाच मार्क कापत आल्या, तेच अण्णांनी केलं होतं. आणि टिपणाचं पहिलंच वाक्य त्यावर उभं होतं. पद्मा म्हणाली, तू सांग, तू लाडकी आहेस. मी म्हटलं, तुला सापडलं, तू सांग. दोन दिवस आम्ही असंच करत राहिलो. समितीला आठवडा उरला होता. मॅडम रोज टिपणाचं एक नवं पान लिहून आम्हाला वाचून दाखवायच्या, आणि आम्ही माना हलवायचो. मग मलाच ते सहन होईना.

मॅडम एकट्या असताना मी गेले. मी फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि दप्तरातून बटरपेपर काढला. त्यांच्यासमोर तो उघडपणे काढायची ही माझी पहिलीच वेळ. डावं पान त्यावर उतरवलं, कागद उलटा केला आणि उजव्या पानावर ठेवला. जुळलं. भोकावर भोक बसलं.

मॅडमनी भिंग लावलं. बराच वेळ त्या वाकून बघत होत्या. मग टोपण उघडून त्यांनी तांबडं पेन हातात घेतलं, आणि लिहायला काहीच नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा बंद केलं. "अण्णांचे पाच गेले," एवढं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या, हजेरी घेतली आणि आम्हाला आपापलं वाचायला सांगून खिडकीशी उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी मला करकंब म्हटलं नाही. नावानं हाक मारली, आणि ते मला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पद्माला विचारलं, तुझ्या वडिलांना कधी सुट्टी असते?

नान्ना आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या. मॅडमनी कपाटातून रुईचं खरं चित्र आणून टेबलावर ठेवलं. नान्नांनी हात मागे बांधूनच ते बघितलं. मग त्यांनी मोबाईलची बॅटरी लावायला सांगितली आणि उजेड आडवा धरला. आम्ही तिघी वाकलो. डाव्या अर्ध्या भागात, रंगाच्या खाली, अगदी पुसट अशा शिसपेन्सिलीच्या बारीक चौकटी होत्या. उजव्या भागात एकही नव्हती.

"हा आमच्यातला माणूस हाय बगा, मॅडम," नान्ना म्हणाले. "चौकटी पाडल्याबिगर याला हातच उचलत नसंल."

मॅडमनी हळूच विचारलं, म्हणजे त्यांनी झाड बघितलंच नाही का?

"अर्धं बघितलं की. लई चांगलं बघितलं," ते म्हणाले. "उरलेलं अर्धं बघायची आमच्यात पद्धतच न्हाई."

मॅडमना यावर हसावं की रडावं हे कळलं नसावं. त्यांनी नान्नांना चहा दिला आणि बाकीची तेवीस चित्रंही एकेक करून दाखवली. चौकटी आणि उलटलेली बाजू एकूण नऊ चित्रांत निघाली. अळ्या आणि पतंग मात्र सगळे एकेकटे, चौकटींवाचून, मोकळ्या हातानं काढलेले होते. मागावर कधी विणावं न लागलेलं तेवढंच अण्णांनी पूर्ण बघितलं असावं, असं मला वाटलं.

विभागातल्या इतर मॅडमनी त्यांना समजावलं, की चौकटींचं सांगा, पण बाजू उलटवल्याचं कशाला सांगता? समितीतले लोक चुकीची चित्रं म्हणून तीच ओळ पुन्हा लिहितील. पद्मानं आणि मीही घाबरत सुचवलं, की रुईचं चित्र त्या दिवशी कपाटातच राहू द्यावं. मॅडम आमच्याकडे बघत म्हणाल्या की तीस वर्षं मी लोकांच्या मुलींचे मार्क कापले, आणि आता माझ्या माणसाचं झाकू? त्यांनी टिपणातलं पहिलं वाक्य खोडलं. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी घेऊन खोडलं.

समितीपुढे आम्ही दोघी चित्रं धरायला उभ्या होतो. मॅडमनी सगळ्यात आधी रुईचंच चित्र पुढे केलं, माझा तो बटरपेपर काढला आणि स्वतःच्या हातानं भोकावर भोक बसवून दाखवलं. अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि विचारलं, मॅडम, म्हणजे हे चित्र शास्त्राच्या दृष्टीनं चुकलेलंच आहे ना?

"चुकलेलंच आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "उजवं पान त्यांनी बघितलेलं नाही. पण ही चूक परदेशी पुस्तकात सापडायची नाही. ही चूक करायला माणूस आधी सोलापूरचा विणकर असावा लागतो."

मग समितीतल्या एका सरांनी चित्र जवळ मागून घेतलं. त्यांचे आजोबा मागावर होते, असं ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली आणि आडवी धरली, आणि बाकीचे दोघेही खुर्च्या सरकवून वाकले. मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही, पण टेबलाआड त्यांचा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट होता की नंतर बोटांचे वळ दिसत होते.

यादीतली ती ओळ निघाली. चित्रांना काचेचं दालन वगैरे काही मिळालं नाही. ती त्याच कपाटात, दुसऱ्या मजल्यावरच्या बोळात राहिली, आणि किल्ली काशीनाथमामांकडे आली, फडक्याशिवाय. दप्तरात मात्र आता लिहिलेलं आहे: स्थानिक विणकर चित्रकाराने काढलेली मूळ चित्रे, नग चोवीस. नाव अजूनही नाही. मॅडमनी कंसात अण्णा असं लिहायची परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही.

ते सत्र संपलं आणि मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्या फार थोडं बोलल्या आणि शेवटी प्राचार्यांनी घातलेल्या हारातून एक अळी काढून रुमालात बांधली. मग बरेच दिवस भेट झाली नाही. त्या घरी नसतात, दुपारच्या कुठेतरी जातात, एवढंच कळायचं.

परवा पद्मा मला तिच्या वडिलांच्या कारखान्यात घेऊन गेली. खाली मागांचा एवढा आवाज होता की शेजारच्या माणसाशीही हातवाऱ्यांनी बोलावं लागत होतं. नक्षीची खोली वरच्या बाजूला, काचेच्या खिडकीमागे. आम्ही जिन्यातच थांबलो. आत हिरेमठ मॅडम लाकडी स्टुलावर बसल्या होत्या. समोर चौकटीचा कागद, त्यावर अर्धी रुई. पद्मा माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, की अण्णांचा हात कसा चालत असेल ते कळल्याशिवाय त्यांच्याबद्दल पुढे लिहायचं नाही असं त्यांनी ठरवलंय, आणि नान्नांना त्या मास्तर म्हणतात.

मास्तर वाकून त्यांचा कागद तपासत होते. त्यांनी एका शिरेवर बोट ठेवलं, मान हलवली आणि खोडरबर पुढे केला. मॅडमनी मुकाट्यानं खोडलं. पुन्हा काढलं. मग त्यांची पेन्सिल नकळत मधली रेघ ओलांडून उजवीकडे निघाली, आणि मास्तरांनी तो कोरा अर्धा भाग तळहातानं झाकला. मॅडम काहीतरी म्हणाल्या. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली, भिंग उचललं, आणि मान वाकडी करून त्या मास्तरांच्या बोटांच्या फटीतून आत बघायचा प्रयत्न करायला लागल्या.